एकच वॉर फाइल, वेगवेगळे सर्व्हर: पोर्टलेट सगळीकडे सारखं कसं चालवायचं

‘पोर्टलेटचं स्टँडर्ड आहे ना, मग टॉमकॅटवर चाललेली वॉर फाइल जेट्टीवर नुसती टाका, चालेल.’ हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय आणि त्याच्यापायी इतक्या रात्री घालवल्यात, की आता कुणी दिला तर तिथेच थांबवतो. पोर्टलेट म्हणजे पोर्टलच्या पानावरचा एक छोटा जावा तुकडा, वॉर म्हणजे जावा वेब अ‍ॅप्लिकेशनची बांधलेली फाइल, आणि टॉमकॅट, जेट्टी हे ती चालवणारे सर्व्हर. या स्टँडर्डच्या दोन आवृत्त्यांनी, २००३ च्या जेएसआर १६८ ने आणि २००८ च्या जेएसआर २८६ ने, पोर्टलेट कसं लिहायचं ते ठरवून दिलं. पण पोर्टल हे एक वेब अ‍ॅप्लिकेशन आणि तुमचं पोर्टलेट ज्यात आहे ते दुसरं. पहिल्याने दुसऱ्याला हाक कशी मारायची, ते मात्र ज्या त्या पोर्टलवर आणि सर्व्हरवर सोडलंय. पोर्टलेट अडकतं ते इथे.

मी अपाची प्लूटो २ (पोर्टलेट चालवणारा कंटेनर) आणि मेव्हन (बिल्ड करणारं साधन) धरून लिहितोय. सर्व्हर टॉमकॅट ९ पर्यंतचाच घ्या. टॉमकॅट १० मध्ये सर्व्हलेटचं (विनंतीला उत्तर देणाऱ्या जावा क्लासचं) पॅकेज जावाएक्सचं जकार्ता झालं, त्यावर हे जुनं पोर्टलेट चालणार नाही.

आधी नाव कायमचं ठरवा. प्लूटो पानावरचं पोर्टलेट शोधतो तो कॉन्टेक्स्टचं (सर्व्हरवर चढवलेल्या एका अ‍ॅपचं) नाव आणि पोर्टलेटचं नाव या जोडीवरून. मेव्हनने फाइलच्या नावाला आवृत्तीचा आकडा चिकटवला की टॉमकॅटवर तोच कॉन्टेक्स्ट होतो आणि पुढच्या रिलीजला पान रिकामं दिसतं. पॉममध्ये (मेव्हनच्या सेटिंगच्या फाइलीत) ‘फायनलनेम’ साधं लिहा, म्हणजे ‘खाते’. जेबॉस आणि वेबलॉजिक या सर्व्हरवर त्यांच्या स्वतःच्या डिस्क्रिप्टरमध्ये (सेटिंगच्या एक्सएमएलमध्ये) कॉन्टेक्स्ट-रूट म्हणून हेच नाव द्या.

मग पोर्टलेट एपीआयची जार (लायब्ररीची फाइल) वॉरमधल्या वेब-आयएनएफच्या लिबमधून काढा. पॉममध्ये तिचा स्कोप ‘प्रोव्हायडेड’ (म्हणजे सर्व्हर पुरवेल असा) हवा आणि टॉमकॅटवर ती सर्व्हरच्या लिबमध्ये एकदाच हवी. दोन प्रती झाल्या की एका क्लासला त्याच नावाच्या क्लासमध्ये कास्ट करता येत नाही अशी एरर येते आणि माणूस तासभर स्वतःचा कोड वाचत बसतो. दुसऱ्या एखाद्या लायब्ररीच्या मागून ही जार हळूच आत येते, म्हणून बिल्ड झाल्यावर वॉर उघडून डोळ्यांनी पाहा.

पोर्टलेटची माहिती देणाऱ्या पोर्टलेट.एक्सएमएलमधल्या टॅगचा क्रम स्कीमात ठरलेला आहे. ‘एक्स्पायरेशन-कॅश’ हा ‘सपोर्ट्स’च्या आधीच येतो. कुठे हा क्रम तपासला जातो, कुठे नाही. तुम्ही बिल्डमध्येच तपासा.

असेंबली (वॉर पोर्टलसाठी तयार करण्याचं काम) प्लूटोच्या मेव्हन प्लगिनकडून करून घ्या, ते वेब.एक्सएमएलमध्ये प्रत्येक पोर्टलेटसाठी एक सर्व्हलेट घालतं. हाताने लिहू नका.

आता खरा घोळ: दोन कॉन्टेक्स्ट आणि सेशन (एका माणसाची सर्व्हरवर जपलेली माहिती).

टॉमकॅटमध्ये एका अ‍ॅपने दुसऱ्याचा कॉन्टेक्स्ट मागितला तर एरवी नल, म्हणजे काहीच नाही, मिळतो. त्यासाठी ‘क्रॉसकॉन्टेक्स्ट’ ट्रू करावं लागतं. बहुतेक ठिकाणी सांगतात की ते पोर्टलेटच्या वॉरमध्ये करा. टॉमकॅट मात्र ही परवानगी हाक मारणाऱ्याकडे तपासतो. म्हणजे ती पोर्टलच्या कॉन्टेक्स्टवर असायलाच हवी. मी दोन्हीकडे लिहितो, पण पोर्टलकडे विसरलं तर बाकी सगळं व्यर्थ. आणखी एक सांभाळा: सर्व्हरच्या कॉन्फ फोल्डरात, कॅटालिना आणि त्यातल्या लोकलहोस्टच्या आत, त्याच अ‍ॅपच्या नावाची जुनी एक्सएमएल पडलेली असेल तर तीच लागू होते. वॉरमधली नवी सेटिंग कुणी वाचतच नाही. मी दोन दिवस वॉर बदलत होतो आणि सर्व्हर जुनीच फाइल वाचत होता.

सेशनने तर मला याहून जास्त छळलं. एका ग्राहकाच्या पोर्टलवर खात्यांची यादी दाखवणारं पोर्टलेट होतं. यादी दिसायची, पण त्याच वॉरमधल्या साध्या सर्व्हलेटला अजॅक्सने (पान न बदलता जाणाऱ्या विनंतीने) हाक मारली की निवडलेलं खातं गायब. शेवटी ब्राउझरच्या कुकीज उघडल्या. अजॅक्सच्या आधी जेसेशनआयडीची (सेशनचा आयडी असलेल्या कुकीची) एकच ओळ होती, पाथ ‘/पोर्टल’. अजॅक्स झाल्यावर दुसरी ओळ आली, पाथ ‘/खाते’, आयडी वेगळा. पोर्टलमधून आत जाताना टॉमकॅट पोर्टलच्याच आयडीने खातेचं सेशन बनवतो, पण त्या पाथची कुकी ब्राउझरला जात नाही. मग ब्राउझर थेट ‘/खाते’कडे गेला की त्याच्या हातात काहीच नसतं आणि नवं कोरं सेशन तयार होतं.

याला माझं ठाम उत्तर: साधं सर्व्हलेट काढून टाका. जेएसआर २८६ ने रिसोर्स यूआरएल दिलाय तो याचसाठी. ती विनंती पोर्टलमधूनच जाते, सेशन तेच राहतं आणि ते कुठल्याही सर्व्हरवर. अजॅक्ससाठी सर्व्हलेटच ठेवा असं सांगणाऱ्याने ते एकाच सर्व्हरवर चालवून पाहिलेलं असतं.

जुना कोड आहे, सर्व्हलेट काढताच येत नाही, असं असेल तर कुकीचा पाथ ‘/’ करा, पोर्टल आणि पोर्टलेट दोघांचाही. टॉमकॅट ६ मध्ये कनेक्टरवर (पोर्टवर विनंत्या ऐकणाऱ्या भागावर) ‘एम्प्टीसेशनपाथ’ होतं. ७ मध्ये ते गेलं आणि कॉन्टेक्स्टवर ‘सेशनकुकीपाथ’ आलं. जुन्या सेटिंगची ओळ नव्या टॉमकॅटमध्ये चिकटवून उपयोग नाही. आणि सर्व्हलेटला वाचायची ती गोष्ट सेशनच्या अ‍ॅप्लिकेशन स्कोपमध्येच (अख्ख्या अ‍ॅपला दिसेल अशी) ठेवा, कारण पोर्टलेट स्कोपमधल्या नावाला कंटेनर स्वतःचा लांबलचक उपसर्ग लावतो.

सेशनचा आयडी एक झाला तरी सेशन दोनच राहतात, हेही ध्यानात असू द्या. माणूस पोर्टलच्या दुसऱ्या पानांवर फिरत असताना तुमच्या अ‍ॅपचं सेशन तिकडे संपू शकतं. वेब.एक्सएमएलमधला टाइमआउट पोर्टलइतका किंवा त्याहून जास्त ठेवा.

मराठी पोर्टल असेल तर एक चाचणी सक्तीची. शोधाच्या चौकटीत ‘कोल्हापूर’ टाका आणि रेंडर पॅरामीटरमधून (पान दाखवताना पोर्टलेटला मिळणाऱ्या मूल्यातून) ते परत छापा. टॉमकॅट ७ पर्यंत यूआरएलचं एन्कोडिंग मुळात आयएसओ ८८५९-१ असायचं, त्यामुळे अक्षरांचा चिवडा होतो. कनेक्टरवर ‘यूआरआयएन्कोडिंग’ यूटीएफ-८ करा. टॉमकॅट ८ पासून ते आपोआप आहे. लेबलांच्या प्रॉपर्टीज फाइलींचंही तसंच: जावा ८ पर्यंत रिसोर्स बंडल त्या यूटीएफ-८ म्हणून वाचत नाही, जावा ९ पासून वाचतं.

शेवटी दोन सर्व्हर शेजारी शेजारी चालवून तुलना करा. पण एक ८०८० वर आणि दुसरा ८०८१ वर, दोन्ही लोकलहोस्ट, असं करू नका. कुकीला पोर्ट कळत नाही. पाथ ‘/’ असला की दोन्ही सर्व्हर एकमेकांच्या जेसेशनआयडीवर लिहितात आणि तुम्ही दर क्लिकला लॉगआउट होता. ही चूक पोर्टलेटची नसते, तरी मी कोड उलटापालटा केला होता. एक सर्व्हर लोकलहोस्ट म्हणून उघडा आणि दुसरा १२७.०.०.१ म्हणून.