गरोदरपणात धूसर दिसतंय? चष्म्याच्या दुकानाआधी बीपी बघा

पाचव्या महिन्यानंतर, म्हणजे २० आठवडे उलटल्यावर, नजर अचानक धूसर झाली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, एकाचं दोन दिसलं किंवा समोरचं अर्धंच दिसू लागलं, तर ती डोळ्यांची तक्रार समजू नका. सोबत न थांबणारी डोकेदुखी, उजव्या बरगडीखाली दुखणं किंवा तोंडावर सूज असेल तर वाटच बघू नका. बीपी चढलं की डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या आवळतात, पडद्याखाली पाणी साठतं. कधी सूज मेंदूच्या मागच्या भागात येते. मग डोळा तपासला तर ठणठणीत आणि बाईला मात्र दिसत नाही.

बीपी घरी मोजायचं तर पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० भरला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. १६० किंवा ११० असेल तर तडक दवाखान्यात, मग रात्र का असेना. वर सांगितलेली लक्षणं असतील तर आकडा बरा आला तरी जायचंच.

बाकीची धूसरता बहुधा साधी असते. पापण्या चार-पाचदा मिटून उघडल्यावर स्वच्छ दिसलं, तर डोळे कोरडे पडलेत. कृत्रिम अश्रूंचे थेंब घ्या, शक्यतो प्रिझर्वेटिव्ह नसलेले. खालची पापणी ओढून खोबण करा, बाटलीचं टोक न टेकवता एकच थेंब टाका (दुसरा गालावरच ओघळतो), डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. या दाबण्याने औषध नाकावाटे रक्तात कमी उतरतं. अश्रूंच्या थेंबांना त्याची फारशी गरज नाही. काचबिंदूच्या किंवा बाहुली मोठी करण्याच्या थेंबांना आहे. काचबिंदूचं औषध चालू असेल तर दिवस राहिल्याचं, खरं तर तसा विचार असल्याचंच, नेत्रतज्ज्ञांना सांगा. काही थेंब बदलावे लागतात, पण स्वतःहून बंद करू नका. लाली घालवणारे किंवा स्टिरॉइडचे थेंब मेडिकलमधून परस्पर आणायचे नाहीत. गुलाबपाणी, मध, काजळही नको.

नंबर बदलल्यासारखा वाटतो त्याचं कारण वेगळं. अंगात पाणी साठतं तसं ते कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेतही साठतं. तो किंचित जाड होतो, त्याचा बाक बदलतो. म्हणून कॉन्टॅक्ट लेन्सही टोचू लागतात. तेव्हा सरळ चष्मा लावा. नवा चष्मा बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी करा, नाहीतर तो कपाटात पडून राहतो. अगदीच अडत असेल तर साध्या फ्रेममध्ये तात्पुरता घ्या. लॅसिक, म्हणजे नंबर घालवण्याचं लेझर ऑपरेशन, अंगावरचं दूध सुटून नंबर स्थिर झाल्यावर.

दर रविवारी एक डोळा झाकून, ठरावीक जागेवरून, भिंतीवरच्या कालनिर्णयातल्या तारखा वाचा, मग दुसऱ्याने. बाथरूमच्या टाइल्सच्या रेषा वाकड्या दिसल्या किंवा मधोमध डाग दिसला, तर पडद्याची तपासणी हवी.

मधुमेह आधीपासून असेल तर पडद्याची तपासणी दिवस राहण्यापूर्वी किंवा पहिल्या तीन महिन्यांत करायलाच हवी. पुढच्या तारखा डॉक्टर ठरवतील. संध्याकाळ झाली की दिसेनासं होत असेल तर ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. मात्र त्याच्या जोरदार गोळ्या मनाने घेऊ नका, जास्तीचं ‘अ’ बाळाला बाधतं. आणि मायनस नंबर मोठा आहे एवढ्यावरून सिझेरियन करावं लागत नाही.

बाळंतिणीने वाचलं की डोळे जातात, असं घरोघरी ऐकवतात. वाचून डोळे जात नाहीत. पण बीपी बाळंतपणानंतरही सहा आठवड्यांपर्यंत चढू शकतं. बाळंतीण धूसर दिसतंय म्हणाली, तर तिच्या हातातलं पुस्तक राहू द्या आणि दंडाला बीपीचा पट्टा बांधा.