डायलिसिसचा नवीन स्टाफ शिकवताय? मग या चुका टाळा

नाशिकमध्ये डायलिसिसला पेठ-सुरगाण्यापासून येवल्यापर्यंतचे पेशंट येतात, महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे गरिबालाही उपचार परवडतात, ही फार चांगली गोष्ट आहे. पण पेशंट वाढले की नवीन स्टाफ लागतो आणि तो घाईघाईत तयार होतो. मशीन लावणं, प्रायमिंग (नळ्या सलाईनने भरून हवा काढणं), अलार्म बंद करणं हे मुलं-मुली पटकन शिकतात. पेशंटकडे बघायला शिकवायचं मात्र राहून जातं, आणि बहुतेक गडबडी तिथेच होतात.

सगळ्यात जास्त गडबड वजनात होते. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा एक आकडी होतो, तिकडून पहाटे निघालेले काका पहिल्या शिफ्टला येतात ते स्वेटर, मफलर, शाल, खिशात मोबाईल असे, आणि नवीन सिस्टर त्यांना तसंच काट्यावर उभं करते. वजन भरलं 53, ड्राय वेट (अंगात जादा पाणी नसतानाचं वजन) 50, म्हणून 3 लिटर पाणी काढायचं सेटिंग. त्यातलं किलोभर तर कपड्यांचंच होतं! म्हणजे अंगात नसलेलं लिटरभर पाणी आपण ओढायला लागलो. तिसऱ्या तासाला काका जांभया द्यायला लागतात, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात आणि मग बीपी पडतं. जांभई दिसली की झोप आली असेल असं समजून पुढे जायचं नाही, लगेच बीपी बघायचं, हे पहिल्याच आठवड्यात शिकवा.

बीपी पडलं की नवीन माणूस धावत सलाईन सोडतो पण पाणी ओढणं चालूच ठेवतो. आधी यूएफ (मशीनचं पाणी ओढणं) बंद करा, डोकं खाली पाय वर करा, मग 100-200 मिली सलाईन द्या, परत बीपी बघा आणि डॉक्टरांना कळवा. हाच क्रम तोंडपाठ हवा.

अजून एक हिशोब रोज करायला लावा. ताशी दर किलोमागे 13 मिलीच्या वर पाणी ओढलं की हृदयावर ताण येतो, म्हणजे 50 किलोच्या माणसाचं 4 तासांत साधारण 2600 मिली. पेशंट 4 लिटर वाढवून आला तर एका बैठकीत सगळं काढायचा हट्ट नको, डॉक्टरांना विचारून वेळ वाढवा नाहीतर दुसऱ्या दिवशी परत बोलवा. आणि याच्या उलटही होतं बरं का. पेशंटची भूक गेलेली असते, अंगावरचं मांस उतरलेलं असतं, पण फाईलवर ड्राय वेट सहा महिन्यांपूर्वीचंच. मांसाची जागा पाण्याने घेतलेली असते, म्हणून काट्यावर सगळं बरोबर दिसतं आणि रात्री त्यांना आडवं झोपता येत नाही, दम लागतो. म्हणून "काका, रात्री किती उशा घेता? जेवण जातं का?" हे दर वेळी विचारायला शिकवा.

थंडीतलीच दुसरी गोष्ट म्हणजे पांघरूण. पेशंटला हुडहुडी भरते म्हणून प्रेमाने हातावर शाल टाकली जाते आणि फिस्टुला (सुया टोचण्यासाठी ऑपरेशनने धमनीला जोडलेली हाताची शीर) झाकला जातो. रक्त परत देणारी सुई निसटली तर पंप मिनिटाला 300 मिलीने रक्त बाहेर टाकतो, आणि व्हीनस प्रेशरचा (रक्त परत जाणाऱ्या लाईनमधल्या दाबाचा) अलार्म वाजेलच याची खात्री नसते. काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. बाकी अंग झाका, सुया आणि टेप दिसल्याच पाहिजेत. अलार्म वाजला तर बटण दाबायच्या आधी हात बघायचा, मग लाईन, मग मशीन.

सुई टोचायच्या आधी फिस्टुल्यावर बोटं ठेवून थरथर लागते का ते बघायचं, स्टेथोने आवाज ऐकायचा. थरथर नाही म्हणजे फिस्टुला बंद पडला असेल, तिथे टोचत बसायचं नाही, लगेच डॉक्टरांना फोन. एकाच जागी सारखं टोचलं की तिथे फुगा येतो, म्हणून जागा बदलत वर-खाली टोचा. पेशंटच म्हणतो, इथेच टोचा, इथे दुखत नाही. त्याला समजावायचं कामही आपलंच.

काहींचं डायलिसिस फिस्टुल्याऐवजी गळ्यातल्या नळीतून होतं; ती जोडताना-काढताना पेशंट आणि स्टाफ दोघांनाही मास्क, टोकं अँटिसेप्टिकने नीट घासून सुकू द्यायची. डायलिसिस चालू असताना थंडी वाजून ताप आला तर नुसती पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवू नका, डॉक्टरांना कळवा, कल्चर (रक्तातल्या जंतूंची तपासणी) घ्या.

डायलिसिसला वापरायच्या आरओच्या (शुद्ध केलेल्या) पाण्याची चाचणी फक्त टेक्निशियनचं काम समजली जाते, हे मला अजिबात पटत नाही. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं, टँकर मागवला, क्लोरिनचं प्रमाण बदललं की क्लोरिन काढणारी कार्बन टाकी कमी पडू शकते. एकूण क्लोरिन लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, आणि ते दर शिफ्टच्या आधी बघायचं, नाहीतर लाल पेशी फुटतात. लाईनमधलं रक्त अचानक पारदर्शक लालभडक दिसलं, पेशंट छाती-पाठ दुखते म्हणाला, तर पंप थांबवा, लाईन क्लॅम्प करा आणि ते रक्त परत देऊ नका.

रिपोर्ट छान पण पेशंट मलूल, असं असेल तर सॅम्पल कसं घेतलं ते विचारा. डायलिसिसनंतरचं सॅम्पल पंप मिनिटाला 100 मिलीवर आणून 15 सेकंद थांबून घ्यायचं असतं. पंप हळू न करता घेतलं तर नुकतंच साफ झालेलं रक्त त्यात मिसळू शकतं आणि युरिया खोटा कमी येतो. युरिया निदान 65 टक्के उतरायला हवा, ते कागदावर पूर्ण होतात, पेशंटच्या अंगात नाही.

लेक्चर झालं, रजिस्टरवर सही झाली म्हणजे ट्रेनिंग झालं असं धरू नका. समोर करून दाखवायला लावा आणि हे का केलं ते तिच्याच तोंडून ऐका. चुकली तर पेशंटसमोर ओरडू नका, घाबरलेली मुलगी पुढच्या वेळी चूक लपवते आणि ते जास्त धोक्याचं.

आणि हे शिकवणं डायलिसिस युनिटपुरतं ठेवू नका. कॅज्युअल्टीत, तालुक्याच्या दवाखान्यात किडनी खराब झालेल्या पेशंटच्या मनगटाला, कोपरात सलाईन लावलं जातं आणि फिस्टुला करायची वेळ येते तेव्हा शिरा संपलेल्या असतात. अशांना सुई पंजाच्या मागच्या बाजूला लावा, फिस्टुल्याच्या हाताला सुई नाही की बीपीचा पट्टा नाही, आणि केसपेपरवर पहिल्याच ओळीत लाल पेनाने लिहा: डावा हात राखून ठेवा.