देवावर भार टाकायचा म्हणजे नक्की काय करायचं

आमच्या वसईच्या किनाऱ्यावर वादळाचा इशारा आला की होडी वर ओढतात, दोर डबल बांधतात आणि मग घरी येऊन रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात, समर्पण मला तिथेच कळलं, हातातलं काम सोडायचं नाही, फक्त समुद्र आपल्या हातात नाही हे मान्य करायचं.

रात्री वहीत दोन रकाने पाडा. एकात उद्या मला करता येईल ते, डॉक्टरला फोन, बँकेचा हप्ता वगैरे, दुसऱ्यात हाताबाहेरचं सगळं. दुसरा रकाना येशूला मोठ्याने वाचून दाखवा, आपल्या घरच्या बोलीत. राग असेल तर तोही सांगा, क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही देवाकडे आधी हा दुःखाचा प्याला टळू दे असंच मागितलं ना, आणि मग म्हणाला, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. लोक पहिलं वाक्य गाळून थेट दुसऱ्यावर जातात आणि मग आतून कुढत राहतात.

सकाळी काळजी परत येणारच. तेव्हा बायबलमधल्या स्तोत्र 55 मधलं 22वं वचन काढा, भार परमेश्वरावर टाक असं सांगणारं, आणि पुन्हा टाका. बाबांच्या आजारपणात मी दिवसातून दहादा टाकलाय. औषधं मात्र चालूच ठेवायची हं. आणि चर्चमधल्या मिस्सानंतर, म्हणजे उपासनेनंतर, कुणाला तरी सांगा, माझ्यासाठी प्रार्थना कर.