चाळीस एकर आणि अडीच गायी

टेक्सासातल्या डॅलसच्या उत्तरेला आणि पश्चिमेला आपली बरीच मंडळी हल्ली जमीन घेतायत. कुणी वीस एकर, कुणी चाळीस. घेताना रस्ता बघतात, बोअरचं पाणी बघतात, इंटरनेट येतं का बघतात. गवताकडे बघायला मात्र कुणाला सुचत नाही. मग कधीतरी फोन येतो, "काकू, शेतजमिनीची कर-सवलत टिकवायची तर गायी किती ठेवू?" जमीन किती गायी पोसेल हे आधी काढावं, असं माझं म्हणणं. ते काढायची रीत इथल्या रँचवाल्यांनी १९४० ते १९६० च्या दरम्यान गिरवली, ती अजून चालते. मीही तिच्याच वाटेने जाते, दोन गोष्टी वगळून. त्या दोन कुठल्या ते पुढे येईलच.

मागचं थोडक्यात. आमच्या वाइज काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) आणि आसपास एकेकाळी उतारावर सरीवर सरी कापूस होता. माती वाहून गेली, घळी पडल्या. डिकेटरजवळ आज सरकारी गवताळ रान दिसतं ना, त्यातला मोठा भाग म्हणजे १९३० च्या दशकात सरकारने विकत घेतलेली अशीच दमलेली शेतं. १९३५ मध्ये मृदसंधारणाचा कायदा झाला आणि ह्यू बेनेट या माणसाच्या हाताखाली सॉइल कन्झर्व्हेशन सर्व्हिस उभी राहिली. तिचीच माणसं गावोगाव फिरून बांध आखून द्यायची आणि गवत ओळखायला शिकवायची. १९९४ पासून त्याच खात्याचं नाव नॅचरल रिसोर्सेस कन्झर्व्हेशन सर्व्हिस, म्हणजे एनआरसीएस. त्याचं ऑफिस बहुतेक काउंटीत आहे आणि सल्ला फुकट आहे.

तिथे जाऊन दोन गोष्टी मागा: तुमच्या जमिनीचे जुने हवाई फोटो, आणि आधीच्या मालकाने केलेला संधारण आराखडा असला तर तो. मातीचा नकाशा वेब सॉइल सर्व्हे या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या मिळतो. मग संध्याकाळी, ऊन तिरपं असताना, जमिनीवरून चक्कर मारा. उताराला आडव्या, वळत गेलेल्या बुटक्या वरंब्यांच्या ओळी दिसल्या तर ते कापसाच्या काळातले बांध समजा. घर बांधणारा कंत्राटदार ते सपाट करून द्यायला एका पायावर तयार असतो. त्याला हात लावू देऊ नका. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी लेव्हल लावून काढलेली ती समतल रेषा आहे, नव्याने काढायची तर खर्च तुमचा.

बांध फुटतो तो खालावलेल्या जागी: गुरांची पायवाट, नाहीतर गोफर नावाच्या उंदराचं बीळ. फुटलेली जागा शोधायला आपल्याकडे पाणलोटाच्या कामात वापरतात तशी पारदर्शक पाणनळी पुरते. वरच्या बाजूच्या चरातला गाळ काढून तोच बांधावर टाका, तुडवून घट्ट करा, लगेच बी टाका. बांधाचं पाणी जिथे बाहेर पडतं तो सांडवा रुंद, उथळ आणि पूर्ण गवताचा असला पाहिजे. अरुंद सांडव्याची पुढच्या वळवाला घळ होते.

घळीबाबत लोक एक चूक हमखास करतात. तळाशी दगड, जुने टायर, कुंपणाच्या तारा, असेल ते टाकतात. घळ वाढते ती माथ्याकडून. आधी माथ्याच्या वर पाणी वळवा, मग माथ्याचा उभा कडा तासून उतरता करा, त्यावर दगड आणि सीडर या इथल्या झाडाच्या फांद्या दाबा. तळ नंतर बघता येतो. गुरं पाण्याला जातात ते तळं, म्हणजे इथल्या भाषेत टँक, त्याला कुंपण घाला आणि बांधातून पाइप काढून खाली हौद भरा. हौदावर पाणी प्यायली तर गुरं काठ तुडवत नाहीत आणि तळंही लवकर गाळाने भरत नाही.

आता खरं काम, गवत वाचायचं. १९४९ मध्ये डायकस्टरहाउस या संशोधकाने कुरणाची प्रत ठरवायची पद्धत मांडली. त्याने आधी अभ्यास केला होता तो आमच्याच फोर्टवर्थच्या माळाचा, म्हणून मला तो घरचा वाटतो. त्याने कुरणातल्या वनस्पतींचे तीन गट केले. चराई वाढली की आधी संपतात ती घटणारी: बिग ब्लूस्टेम, इंडियनग्रास, स्विचग्रास, लिटल ब्लूस्टेम. त्यांची जागा घेतात ती वाढणारी: सिल्व्हर ब्लूस्टेम, टेक्सास विंटरग्रास, बफेलो ग्रास. आणि जमीन उघडी पडली की येतात ते घुसखोर: थ्री-ऑन, ब्रूमवीड, मेस्किट. मूळच्या गवताशी तुलना करून, त्यातलं किती टिकून आहे याचे टक्के काढायचे. ७५ च्या वर उत्तम, ५० च्या वर चांगलं, २५ च्या वर बरं, त्याखाली वाईट. नवशिक्याला टक्के जमले नाहीत तरी चालेल. लिटल ब्लूस्टेम शोधा. थंडीत त्याची ठोंबं तांबूस-केशरी होतात, गाडीतूनही ओळखू येतात. ती फक्त कुंपणाच्या पलीकडे रस्त्याकडेला दिसली आणि तुमच्या बाजूला नाहीत, तर आधीच्या मालकाने जमीन कशी वापरली ते कळलं.

गायींचा हिशेब वजनावर चालतो. अकरा फूट लांबीची जाड वायर घ्या, टोकं जोडून गोल कडं करा. पावसाळी वाढ संपली की, न चरलेल्या गवतात हे कडं ठिकठिकाणी टाका. चांगलं गवत बघून टाकायचं नाही, पाठमोरं भिरकवायचं. आतलं या वर्षीचं गवत विळ्याने जमिनीलगत कापा, कागदी पिशवीत भरून वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा आणि ग्रॅममध्ये तोला. त्याला दहाने गुणलं की एकरी पौंड मिळतात. कड्याचं माप त्यासाठीच तसं ठरलंय. समजा सरासरी २४० ग्रॅम भरलं. म्हणजे एकरी २,४०० पौंड, चाळीस एकरांत ९६,००० पौंड. यातला चौथा हिस्साच गायीच्या पोटात जाईल असं धरायचं, २४,००० पौंड. चौथा हिस्सा तुडवणीत, किड्यांत आणि शेणाखाली जातो. उरलेला अर्धा उभा राहिला पाहिजे. हजार पौंडांची गाय वासरासकट दिवसाला २६ पौंड सुकं गवत खाते, वर्षाचे झाले ९,४९०. भागाकार करा: अडीच गायी. घर, झाडी, तळं वजा केलं तर दोन.

हा आकडा सांगितला की फोनवर शांतता पसरते. कर-सवलतीसाठी काउंटीच्या मूल्यांकन कार्यालयाची गुरांची अपेक्षा कधीकधी याहून जास्त असते. तेव्हा जास्त गुरं आणून जमीन खरवडण्यापेक्षा गवत कापून विकणं किंवा वन्यजीव व्यवस्थापनाखाली नोंद करणं, हे मार्ग त्यांनाच विचारा. टेक्सासात ते कायदेशीर आहेत.

अर्धं उभं का ठेवायचं? १९५५ मध्ये कृषी खात्याच्या फ्रँक्लिन क्रायडरने गवत वेगवेगळं कापून मुळांकडे पाहिलं. निम्मा पाला काढला तर जेमतेम २ ते ४ टक्के मुळं वाढायची थांबली. ६० टक्के काढला तर निम्मी थांबली, ७० ला ७८ टक्के, आणि ८० टक्के पाला काढला तर सगळीच. म्हणजे पन्नाशीच्या पुढे दहा टक्क्यांची हाव मुळांना फार महाग पडते. आणि मुळं आखडली की ऑगस्टच्या उन्हात खालची ओल त्यांना गाठता येत नाही.

अर्धं म्हणजे वजनाने अर्धं. इथे सगळे फसतात, कारण गवताचं वजन बुडाशी असतं. एक ठोंब कापा, दोऱ्याने बांधा आणि बोटावर आडवं तोलून बघा. जिथे तोललं जातं ती खूण, तिथून बुडापर्यंतचं तुमचं नाही. जुन्या काळी सर्व्हिसची माणसं शेतात उभं राहून हेच करून दाखवायची. दाराशी न राहता दूर असणाऱ्यांनी जाळीचा एक पिंजरा गवतावर रोवून ठेवावा. आतलं न चरलेलं आणि बाहेरचं चरलेलं यांतला फरक फोटोतही कळतो.

विसावा देताना पश्चिम टेक्सासातल्या सोनोराच्या मेरिल या संशोधकाची पद्धत ध्यानात ठेवा. १९४९ पासून त्याने चार कुरणं आणि तीन कळप असा मेळ बसवला. प्रत्येक कुरण बारा महिने चरायचं आणि चार महिने मोकळं. चक्र सोळा महिन्यांचं, त्यामुळे विसावा दर खेपेला वेगळ्या हंगामात पडतो. तुमच्याकडे कळपच एक असणार. तरी विजेच्या तारेने तीन-चार भाग करा आणि दरवर्षी एक भाग, वेगवेगळा, जुलैपासून हिमकडाक्यापर्यंत बंद ठेवा म्हणजे तिथे बी धरेल. मिठाचा ठोकळा पाण्याजवळ ठेवू नका, लांबच्या न चरलेल्या कोपऱ्यात ठेवा. गुरं आपोआप पसरतात. हिवाळ्यात वाळल्या गवतावर सरकीची पेंड द्या. प्रथिनं मिळाली की ते वाळलेलंही पचतं.

आता जुन्या रीतीतल्या मी वगळते त्या दोन गोष्टी. पहिली, बियाणं. त्या काळात खात्याने आणि विद्यापीठांनी बाहेरची गवतं सढळ हाताने पेरायला लावली. दक्षिण टेक्सासात किंग्जव्हिलकडे रस्त्याच्या कडेला क्लेबर्ग ब्लूस्टेम माजलेलं दिसतं, ते आपलं मारवेल. बफेल ग्रास म्हणजे आपलं अंजन (वर आलेलं बफेलो ग्रास वेगळं). माझं माहेर माण तालुक्यातलं, तिथे ही दोन्ही गवतं गुरा-मेंढरांचा आधार. इथे मात्र ती, आणि त्यांच्या जोडीला किंग रँच ब्लूस्टेम, स्थानिक गवतांना आणि फुलझाडांना जागाच ठेवत नाहीत, आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या बॉबव्हाइट लाव्याला हिंडायला मोकळी माती उरत नाही. एकदा बसली की निघत नाहीत. बियाण्याच्या दुकानात स्वस्त मिश्रण देतील, त्यावरची नावं वाचा.

दुसरी, विष. मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची बहीण. तोडलं तर जमिनीखालच्या डोळ्यांतून दहा फांद्यांनी फुटतं. १९५० च्या दशकात त्यावर विमानातून २,४,५-टी हे तणनाशक फवारायचे. त्यात डायॉक्सिन हे घातक विष निघालं आणि १९८५ मध्ये त्याचे उरलेसुरले वापरही बंद झाले. आजची औषधं वेगळी आहेत, तरी सरसकट फवारणी मी करत नाही. लहान मेस्किट मुळावरच्या डोळ्यांसकट कुदळीने काढावं. ईस्टर्न रेड सीडर त्याहून सोपं, सर्वांत खालच्या फांदीच्या खाली कापलं की पुन्हा फुटत नाही.

पेरायचंच असेल तर त्या काळची एक युक्ती मात्र सोन्यासारखी आहे. उन्हाळ्यात उशिरा उघड्या जमिनीवर ज्वारीवर्गीय चारा पेरायचा, दाणा धरायच्या आत कापायचा, धसकटं उभी ठेवायची. पुढच्या वसंतात त्या धसकटांतच लिटल ब्लूस्टेम, साइडओट्स ग्रामा आणि इंडियनग्रासचं स्थानिक बी पेरायचं. धसकटं वारा अडवतात आणि ओल धरतात. ही बियाणी केसाळ असतात, साध्या पाभरीतून पडत नाहीत. ढवळणी असलेलं गवताचं ड्रिल भाड्याने मिळतं का ते मृदसंधारण डिस्ट्रिक्टकडे विचारा. खोली पाव ते अर्धा इंच, त्याहून खाली नाही. चालताना बुटाची टाच अर्ध्या इंचाहून खोल रुतली तर जमीन अजून पोकळ आहे, रोलर फिरवा. पहिलं वर्ष गुरं आत नाहीत, कितीही हिरवं दिसलं तरी.

राहिला दुष्काळ. १९५० ते १९५७ चा दुष्काळ इतका होता की १९५६ अखेर टेक्सासातल्या २५४ पैकी २४४ काउंट्या आपत्तिग्रस्त ठरल्या. लोक निवडुंगाचे काटे आगीने जाळून तो गुरांना घालत होते. पाऊस पडेल म्हणून थांबलेल्यांनी शेवटी गुरं पडेल भावात विकली, आणि त्यांची कुरणंही गेली. म्हणून तारीख आधी ठरवा. जूनअखेर कडं टाका. इथल्या उन्हाळी गवताची मोठी वाढ तोवर झालेली असते. अंदाजाहून वजन बरंच कमी भरलं तर म्हातारी आणि भाकड गाय त्याच आठवड्यात बाजारात न्या, बाकीच्यांचा विचार ऑगस्टमध्ये.