इंडेक्स रेंजबाहेर गेला? आधी एररमधले दोन आकडे वाचा

जावाचा प्रोग्राम 'इंडेक्स ५ आउट ऑफ बाउंड्स फॉर लेंग्थ ५' म्हणत बंद पडला, तर लगेच कोड बदलायला घेऊ नका. चूक कुठे आहे ते बहुतेक वेळा या दोन आकड्यांतच दिसतं: पहिला म्हणजे मागितलेला इंडेक्स (घटकाचा क्रमांक), दुसरा म्हणजे ॲरेची (घटकांच्या यादीची) लांबी.

दोन्ही आकडे सारखे असतील, तर लूप एक फेरी जास्त फिरलाय. ५ घटकांचे इंडेक्स ० ते ४, म्हणून अटीत '<=' नको, '<' हवं. पण शेजारशेजारच्या घटकांची तुलना करत असाल, म्हणजे 'आय' हा लूपचा चालू इंडेक्स धरून 'आय + १' वाचत असाल, तर '<' सुद्धा पुरत नाही. तिथे 'आय + १ < लेंग्थ' अशीच अट लिहा.

इंडेक्स −१ दिसला, तर आधी 'इंडेक्सऑफ' तपासा. शोधलेलं सापडलं नाही की ते −१ देतं. पायथनमध्ये हे जास्त त्रासाचं, कारण स्ट्रिंगचं 'फाइंड'ही −१ देतं आणि तिथे −१ म्हणजे शेवटचं अक्षर. एरर नाही, उत्तर मात्र चुकीचं.

लांबीच ० असेल, तर डेटा आलेलाच नाही. 'आर्ग्स[०]', म्हणजे प्रोग्राम चालवताना दिलेलं पहिलं आर्ग्युमेंट, वाचणारा प्रोग्राम काहीच न देता चालवला की हेच होतं.

द्विमितीय ॲरेत ओळ आणि स्तंभ यांची अदलाबदल झाली तरी ३×३ वर हा एरर येत नाही. चाचणी ३×५ वर घ्या.

पायथनचा इंडेक्सएरर आकडे सांगत नाही, तेव्हा त्या ओळीच्या वर इंडेक्स आणि 'लेन' प्रिंट करा. लूपमध्ये लिस्टमधून घटक काढत असाल, तर 'रेंज' जुन्याच लांबीवर चालत राहते. हवे तेवढे घटक घेऊन नवी लिस्ट बनवणं बरं. ट्राय-एक्सेप्टने एरर पकडून झाकला तर मूळ चूक तशीच राहते.

सी भाषेत इंडेक्सची तपासणीच नाही. कधी कचरा छापला जातो, कधी शेजारचं व्हेरिएबल बदलतं, कधी सगळं सुरळीत वाटतं, आणि हे शेवटचं सर्वांत वाईट. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली. तिथे कोड २१वं फील्ड वाचायला गेला, मिळाली होती २०च. जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरमध्ये ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या अशा चुका प्रोग्राम चालताना पकडणारं साधन) लावून कंपाइल करा. डीबग माहितीही ठेवलीत तर नेमकी ओळ कळते.

सी++ मध्ये चौकटी कंसाऐवजी 'ॲट' वापरलं की तपासणी होते. मात्र व्हेक्टर (सी++ मधला लांबी बदलू शकणारा ॲरे) रिकामा असताना 'साइझ − १' ऋण होत नाही, तो प्रचंड मोठा आकडा होतो. म्हणून वजाबाकी टाळून तिथेही 'आय + १ < साइझ' लिहा.