लांबलेला ताप आणि गोठ्याची चौकशी: ब्रुसेलोसिसच्या संसर्गाचा धोका कसा पारखावा

ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणारा ब्रुसेला जंतूंचा आजार; त्याचा रुग्ण बहुधा दुसऱ्याच एखाद्या आजाराच्या नावाने दवाखान्यात येतो. तीन आठवडे रेंगाळलेला ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम, धरलेली कंबर, दुखणारे सांधे, पुरुषांमध्ये क्वचित एका बाजूच्या अंडाची सूज आणि टायफॉइडच्या औषधांचा एक कोर्स पूर्ण होऊनही न पडलेला फरक, असे त्याचे चित्र असते. आणि केवळ या चित्रावरून हा आजार क्षयरोगापासून वेगळा काढणे अनुभवी डॉक्टरलाही जमत नाही. संशय पक्का करतो तो संसर्गाचा पूर्वेतिहास. तो नेमका कसा घ्यावा, हे येथे तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी मांडले आहे.

‘जनावरांशी संबंध येतो का?’ हा केसपेपरवरचा नेहमीचा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. ग्रामीण भागात त्याचे उत्तर प्रत्येकाचे ‘हो’ असते आणि शहरात प्रत्येकाचे ‘नाही’; दोन्ही उत्तरांतून धोका किती, हे कळत नाही. गोठ्यात जनावर असणे हा फारसा मोठा धोका नाही. जनावर गाभडणे (गर्भ अकाली पडणे) किंवा विणे, त्या वेळी तेथे असणे आणि उघड्या हाताने काही करणे, हा मोठा धोका आहे. बाधित जनावराच्या वारेत, गर्भजलात आणि पडलेल्या गर्भात ब्रुसेला जंतूंची संख्या प्रचंड असते, आणि त्वचेवरची बारीक चीर, डोळ्यात उडालेला थेंब किंवा श्वासातून गेलेले तुषार यांतून अगदी थोडे जंतू शरीरात गेले तरी आजार होऊ शकतो. म्हणून प्रश्न जनावराबद्दल न विचारता घटनेबद्दल विचारावा.

घटना शोधताना काळाची मर्यादा आधी ठरवावी. संसर्गानंतर लक्षणे साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत दिसतात. तथापि काही रुग्णांत ती पाच दिवसांतही दिसतात, तर काहींत पाच-सहा महिनेही लागतात. त्यामुळे ताप सुरू झाल्याच्या दिवसापासून मागे सहा महिने जावे. ‘गेल्या सहा महिन्यांत’ असे विचारल्यास शेतकरी अंदाजे उत्तर देतो. ‘दिवाळीपासून’, ‘पेरणीच्या आधी’ किंवा ‘गावच्या जत्रेनंतर’ असे विचारल्यास त्याला नेमके आठवते.

संवाद साधारण असा व्हावा.

“मामा, दिवाळीपासून तुमच्या गोठ्यात कुठलं जनावर गाभडलं का?”

“एका म्हशीनं गाभ टाकला होता, सातव्या महिन्यात.”

“वार आपसूक पडली का?”

“नाही, अडकली होती. मीच हात घालून काढली.”

“हाताला काही घातलं होतं?”

“तेल लावलं होतं की, डॉक्टर.”

तेल लावल्याने हात सहज जातो. जंतू अडत नाहीत. या तीन उत्तरांत निदानाचा अर्धा भाग झाला आहे, आणि यानंतर आणखी तीन गोष्टी विचारायच्या राहतात: त्या वेळी हाताला जखम किंवा भेगा होत्या का, गर्भ आणि वार कोठे टाकली, आणि गोठा कोणी धुतला. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘घरच्यांनी’ असे येते, म्हणजे पत्नीने किंवा सुनेने, आणि मग धोका पारखण्यासाठी दुसरी व्यक्ती समोर उभी राहते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. बाधित गाय किंवा म्हैस बहुतेक वेळा एकदाच, तेही गाभण काळाच्या उत्तरार्धात, गाभ टाकते आणि पुढच्या वेळी व्यवस्थित विते. त्यामुळे मालक ‘आता जनावर ठणठणीत आहे’ असे खात्रीने सांगतो, परंतु तेच जनावर पुढेही दुधातून आणि विताना स्रावांतून जंतू बाहेर टाकत राहू शकते. म्हणून सहा महिन्यांच्या मर्यादेला हा एक अपवाद करावा: त्याच जनावराने त्यापूर्वी कधी गाभ टाकला होता का, हे वर्षांची मर्यादा न घालता विचारावे. शेळ्या-मेंढ्यांच्या कळपात एकाच हंगामात अनेक माद्यांनी गाभ टाकला असेल, तर संशय आणखी गडद धरावा, कारण शेळ्या-मेंढ्यांत प्रामुख्याने आढळणारी ब्रुसेला मेलिटेन्सिस ही प्रजाती माणसात सर्वांत तीव्र आजार निर्माण करते. मेंढपाळ कुटुंबात मेंढी विताना मदत करणारी मुलेही असतात; त्यांना वगळू नये.

दुधाचा प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारावा लागतो. मराठी घरात दूध तापवण्याची पद्धत इतकी रुळलेली आहे की ‘दूध उकळून पिता का?’ या प्रश्नाला रुग्ण विचार न करता होकार देतो, आणि घरच्या दुधापुरता तो खराही असतो. उकळलेल्या किंवा पाश्चरीकरण केलेल्या दुधातून हा आजार होत नाही. धोका धारोष्ण दुधात आहे: धार काढता काढता तोंडात घेतलेल्या दुधात, तालमीतल्या मुलाने ताकदीसाठी रोज प्यायलेल्या पेल्यात आणि कोल्हापुरात गंगावेशीसारख्या दूधकट्ट्यांवर म्हैस समोर पिळून दिल्या जाणाऱ्या फेसाळ दुधात. हे दूध पिणारा माणूस त्याला ‘कच्चे दूध’ म्हणत नाही, ‘ताजे दूध’ म्हणतो, आणि ते अभिमानाने सांगतो. तेव्हा प्रश्नही त्याच शब्दांत विचारावा. खरवस वाफवलेला असल्याने त्याची चिंता करण्याचे कारण नाही, मात्र चीक कच्चा चाखला होता का, हे विचारावे. आखाती देशांत काम करून परतलेल्या रुग्णाला तेथे उंटिणीचे किंवा शेळीचे न तापवलेले दूध किंवा त्याचे ताजे चीज खाण्यात आले होते का, हेही विचारणे आवश्यक आहे. रत्नागिरी-रायगडकडील डॉक्टरांनी हा प्रश्न विसरू नये.

व्यवसायानुसार धोका पारखताना पशुधन विकास अधिकारी, पशुधन पर्यवेक्षक, कृत्रिम रेतन करणारे कर्मचारी, खाटीक आणि प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ यांचा विचार स्वतंत्रपणे करावा. सप्टेंबर 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात 4 ते 8 महिने वयाच्या गायी-म्हशींच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस दिली जाते. ही स्ट्रेन 19 लस जिवंत जंतूंची असते, आणि वासरू उसळल्यावर सुई बोटात घुसणे किंवा लस डोळ्यात उडणे हा प्रत्यक्ष संसर्गच समजावा. लसीकरण करणाऱ्याला ताप आला असेल, तर ‘सुई टोचली होती का?’ हे थेट विचारावे. स्वतःहून कोणी सांगत नाही.

एवढी माहिती हाती आली की धोक्याची प्रतवारी करावी. उघड्या हाताने वार किंवा गर्भ हाताळणे, लसीची सुई टोचणे, डोळ्यात थेंब उडणे आणि प्रयोगशाळेत सुरक्षा कॅबिनेटबाहेर जंतूंचे संवर्धन हाताळणे किंवा त्या कामापासून पाच फुटांच्या आत असणे, हा उच्च धोका होय. नियमित धारोष्ण दूध पिणे हे मी याच वर्गात धरतो, विशेषतः ते शेळीचे असेल तर. एखाद्याच वेळी घेतलेला घोट आणि गाभडलेल्या जनावराच्या गोठ्याची साफसफाई मध्यम वर्गात येते. गोठ्याशेजारी राहणे, जनावराला हात लावणे किंवा उकळलेले दूध पिणे यांचा धोका अत्यल्प आहे. माणसाकडून माणसाला होणारा प्रसार अपवादात्मक असतो.

प्रतवारीचा उपयोग पुढच्या निर्णयासाठी आहे. लक्षणे आणि उच्च किंवा मध्यम धोका एकत्र असतील, तर प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर (रक्तातील जंतू वाढवून पाहणे) आणि रक्तातील प्रतिपिंडे तपासणाऱ्या ‘रोज बंगाल’ व प्रमाणित समूहन या दोन चाचण्या कराव्यात. समूहन चाचणीत 1:160 किंवा त्याहून अधिक टायटर (प्रतिपिंडांची पातळी) लक्षणांसह अर्थपूर्ण मानतात. मात्र रोज जनावरांत वावरणाऱ्या पशुवैद्यकाच्या रक्तात आजार नसतानाही प्रतिपिंडे असू शकतात, त्यामुळे एकट्या टायटरवर निदान ठोकू नये. कल्चरच्या फॉर्मवर ‘ब्रुसेलोसिसचा संशय’ असे ठळक लिहावे. ही एक ओळ लिहिली नाही, तर तंत्रज्ञ उघड्या टेबलावर प्लेट हाताळतो आणि पुढचा रुग्ण तोच असू शकतो.

लक्षणे नसलेल्या, परंतु उच्च धोक्याच्या व्यक्तीचे काय करावे? लसीची सुई टोचलेल्या किंवा प्रयोगशाळेत संपर्क आलेल्या प्रौढाला डॉक्सिसायक्लिन 100 मिलीग्राम दिवसातून दोनदा आणि रिफॅम्पिसिन 600 मिलीग्राम दिवसातून एकदा, असे 21 दिवस देण्याची पद्धत आहे. त्याच दिवशी रक्ताचा मूळ नमुना घेऊन 24 आठवड्यांपर्यंत ठराविक अंतराने तपासणी करतात आणि ताप मोजत राहतात. रिफॅम्पिसिन हे क्षयरोगावरचेही औषध आहे, म्हणून ते लिहिण्यापूर्वी क्षयरोग नाही याची खात्री करावी. आपल्याकडे ही घाई महागात पडते. गर्भवती आणि आठ वर्षांखालील मुले यांना हे औषध तसेच देता येत नाही, म्हणून त्यांना तज्ज्ञांकडे पाठवावे. वार हाताळलेल्या शेतकऱ्याच्या बाबतीत हात, जखम आणि दिवस पाहून निर्णय घ्यावा. औषध दिले नाही तरी सहा महिने लक्ष ठेवणे सोडू नये.

निदान झाल्यावर घरातील प्रत्येकाची हीच चौकशी करावी, आणि गोठा धुणारी स्त्री गर्भवती असल्यास सर्वप्रथम तिची, कारण या आजारात गर्भपाताचा धोका असतो. जनावरांच्या तपासणीसाठी तालुक्यातील पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवावे. ते नमुने पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठवू शकतात. सहा आठवड्यांचे उपचार पूर्ण करूनही काही रुग्णांना पुन्हा ताप येतो. तेव्हा औषध बदलण्यापूर्वी, त्याच म्हशीची धार अजून तोच काढतो आहे का आणि ती पुन्हा गाभण आहे का, हे विचारून घ्यावे.