दारात झालेला सौदा रद्द करताना या चुका टाळा

विक्रेता तासभर बसला, मशीन गळ्यात मारलं, सही झाली. आणि तो जिना उतरेपर्यंत तुम्हाला पस्तावा. अशा सौद्यातून बाहेर पडायला अनेक देशांत कायद्यानेच मुदत दिलेली असते: युरोपीय संघात १४ दिवस, ऑस्ट्रेलियात कामकाजाचे १०, अमेरिकेत कामकाजाचे ३. कारण सांगावं लागत नाही. तरी लोकांचे पैसे अडकतात.

सगळ्यात महागात पडतो तो सौदा रद्द करायला केलेला नुसता फोन. तिकडून गोड आवाजात उत्तर येतं, 'काळजी नको, सोमवारी माणूस पाठवतो.' सोमवारी कोणी येत नाही, मंगळवारी फोन उचलत नाहीत, बुधवारी तोच गोड आवाज सांगतो, मुदत संपली. मुदतीत कळवलं होतं हे युरोपात ग्राहकानेच सिद्ध करायचं असतं. म्हणून लेखीच द्या. 'अमुक तारखेचा, अमुक क्रमांकाचा करार मी रद्द करत आहे', खाली नाव, पत्ता, तारीख, बस्स. ईमेल करा किंवा पोस्टाने पाठवून पावती जपा. मुदतीच्या आत पाठवलं की पुरे, समोरच्याला उशिरा मिळालं तरी चालतं. नुसतं खोकं परत पाठवणं म्हणजे करार रद्द करणं नव्हे. अमेरिकेत विक्रेत्याने रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती द्यायच्या असतात. एक स्वतःकडे ठेवा.

दिवस मोजतानाही घोटाळा होतो. युरोपात वस्तूची मुदत ती हातात पडल्यापासून, सेवेची करार झाल्यापासून. अमेरिकेत शनिवार कामकाजाचा धरतात, रविवार नाही. गुरुवारी सही केली तर, मध्ये सरकारी सुट्टी नसल्यास, सोमवारी मध्यरात्रीपर्यंत वेळ. सही करताना छापील तारीख वाचा. मागची असेल तर तिथेच खोडायला लावा.

वस्तू दुकानात पाहावी तितपत हाताळायला हरकत नाही, पण रोज वापरलीत तर परताव्यातून कपात होऊ शकते. सेवेच्या करारातल्या 'लगेच काम सुरू करा' या चौकोनात घाईने खूण करू नका. झालेल्या कामाचे पैसे मग द्यावे लागतात. मापाने बनवून घेतलेल्या वस्तूला बहुधा रद्द करण्याची ही सवलत नसते.

मुदत खरोखरच टळली असेल तरी एकदा करार काढून बघा. रद्द करण्याच्या हक्काबद्दल विक्रेत्याने काही कळवलंच नसेल, तर युरोपीय संघात ती मुदत आणखी १२ महिन्यांनी वाढते.